रुग्णालयातल्या औषधचुका आणि प्रिस्क्रिप्शन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तीस ते शंभर खाटांच्या रुग्णालयांतले आरएमओ (निवासी डॉक्टर), सिस्टर, फार्मसिस्ट आणि मालक-डॉक्टर जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे घेतले आहेत. दिलेले डोस चूक कुठे होते हे दाखवण्यासाठी आहेत. एखाद्या पेशंटचा डोस मात्र त्याचे डॉक्टर आणि तुमच्या रुग्णालयाचा प्रोटोकॉलच ठरवेल.

औषधाची प्रत्येक रिॲक्शन म्हणजे चूक का?

नाही. पेशंटला पेनिसिलिन सोसत नाही हे कोणालाच, अगदी त्यालाही, ठाऊक नव्हतं आणि पुरळ उठलं, तर ती औषधाची दुष्प्रतिक्रिया. केस पेपरच्या पहिल्या पानावर ‘पेनिसिलिन ॲलर्जी’ लिहिलेलं असताना ॲमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलेनेट दिलं, तर ती चूक. ही चूक फार वेळा घडते, कारण चार्टवर ब्रँडचं नाव असतं आणि त्या ब्रँडच्या पोटात पेनिसिलिन आहे हे नवीन सिस्टरच्या लक्षात येत नाही. तिसरा प्रकार म्हणजे पेशंटपर्यंत पोचण्याआधी पकडलेली चूक. ती नोंदवायची कोणाला गरज वाटत नाही, आणि शिकण्यासारखं सगळ्यात जास्त तिच्यातच असतं.

चूक बहुतेक वेळा सिस्टरच्या हातूनच का होते?

होते कुठेही, दिसते तिच्या हातात, कारण सुई तिच्या हातात असते. एका ऑर्डरचा प्रवास पाहा. डॉक्टर राउंडला केस पेपरवर लिहितात, आरएमओ ते ट्रीटमेंट शीटवर उतरवतो, सिस्टर त्यावरून इंडेंट (औषध मागणीची चिठ्ठी) लिहिते, फार्मसीत कोणीतरी ते वाचून औषध काढतं. म्हणजे इंजेक्शन भरण्याआधीच एक ऑर्डर दोनदा नक्कल झाली आणि तीन जणांनी वाचली. प्रत्येक नकलेत एखादा शून्य गळतो किंवा वाढतो.

एकच बदल करायची ताकद असेल तर आमचं मत असं: डॉक्टरांनी थेट ट्रीटमेंट शीटवर लिहावं आणि त्याच शीटची प्रत फार्मसीला जावी. मधली नक्कल बंद. त्याबरोबर ‘सीएसटी’ हे तीन अक्षरी पाप बंद. ‘कंटिन्यू सेम ट्रीटमेंट’ म्हणजे कालची की परवाची, आणि सकाळी बंद केलेलं हेपॅरिन (रक्त गोठू न देणारं औषध) त्यात धरायचं की नाही, हे लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही. ऑपरेशननंतर आणि आयसीयूतून वॉर्डात आल्यावर तर सगळी औषधं नव्याने लिहायलाच हवीत.

कॅपिटलमध्ये लिहिलं की काम झालं ना?

अर्धं. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीत २०१६ साली दुरुस्ती झाली. तिच्यानुसार औषध जेनेरिक नावाने, वाचता येईल असं आणि शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहायचं आहे. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये नवे नियम आणले, पण त्याच महिन्यात ते स्थगित केले, त्यामुळे २००२ चीच नियमावली चालू राहिली.

कॅपिटलने नाव सुटतं, आकडा सुटत नाही, आणि जीवघेण्या चुका बहुधा आकड्यांत असतात. ‘१.०’ लिहिलं आणि टिंब कार्बनमध्ये उमटलं नाही की १० झालं. ‘.५’ लिहिलं की ५ वाचलं जातं. म्हणून पूर्णांकापुढे टिंब-शून्य कधीच नाही, आणि टिंबाआधी शून्य नेहमी. मायक्रोग्रॅमचं चिन्ह हाताने काढलं की मिलिग्रॅम दिसतं, म्हणजे हजारपट. तो शब्द पूर्ण लिहा.

पूर्ण ऑर्डरमध्ये औषध, डोस, मार्ग, वेळा आणि कधी थांबवायचं, एवढं असतं. एसओएस (गरज पडली तरच) लिहिलं तर कशासाठी आणि दिवसात जास्तीत जास्त किती वेळा, हेही. ‘१-०-१’ ही आपल्याकडची पद्धत गोळ्यांसाठी उत्तम आहे, पेशंटलाही कळते. सिरपपुढे तेच लिहिलं तर एक काय? चमचा, झाकण की मिलि?

इन्सुलिनमध्ये एवढ्या चुका का होतात?

कारण आपल्याकडे एकाच फ्रिजमध्ये दोन ताकदीचं इन्सुलिन असतं. साध्या इन्सुलिनची १० मिलिची व्हायल बहुतेक ठिकाणी ४० युनिट प्रति मिलि असते. पेनची ३ मिलिची कार्ट्रिज १०० युनिट प्रति मिलि असते, आणि काही नव्या इन्सुलिनच्या व्हायलही तशाच असतात. सिरिंजही दोन: लाल टोपीची ४० ची, केशरी टोपीची १०० ची.

आता रात्रीची वेळ धरा. पेन सापडत नाही, ऑर्डर २० युनिटची आहे. सिस्टर कार्ट्रिजमध्ये लाल टोपीची सिरिंज खुपसून २० च्या रेघेपर्यंत ओढते. ती रेघ म्हणजे अर्धा मिलि, आणि कार्ट्रिजमधला अर्धा मिलि म्हणजे ५० युनिट. उलट चूक अधिक फसवी. ४० च्या व्हायलमधून केशरी सिरिंजने २० ची रेघ गाठली तर पेशंटला फक्त ८ युनिट मिळतात. साखर उतरत नाही, डॉक्टर डोस चढवत नेतात, आणि ज्या दिवशी योग्य सिरिंज हाती येते त्या दिवशी पेशंट हायपोत जातो, म्हणजे साखर धोकादायक उतरते.

आयसीयूतल्या इन्फ्युजनचंही तसंच. ५० मिलि सलाईनमध्ये ५० युनिट टाकायचे, तर ४० च्या व्हायलमधून १.२५ मिलि घ्यावे लागतात. सवयीने अर्धा मिलि घेतला तर २० युनिटच पडतात.

उपाय साधे आहेत. वॉर्डात एकाच ताकदीच्या व्हायल ठेवा आणि सिरिंज त्याच डब्यात, व्हायलला चिकटून. कार्ट्रिजमधून सिरिंजने ओढायला बंदी. ‘यू’ हे अक्षर नको, ते शून्यासारखं दिसतं आणि १० चे १०० होतात. ‘युनिट’ पूर्ण लिहा. पेन एका पेशंटचं एकच. सुई बदलली तरी कार्ट्रिजमध्ये रक्त उलटं शिरू शकतं. आणि जेवणाआधीचं इन्सुलिन टोचण्याआधी जेवणाचं ताट खरंच आलं आहे का ते डोळ्यांनी पाहा.

पोटॅशियम क्लोराईड वॉर्डात ठेवूच नये, हे जरा अतीच नाही का?

अजिबात नाही. १० मिलिचा, १५ टक्क्यांचा अँप्युल हातात घेऊन पाहा. पाण्यासारखा पारदर्शक, आत २० मिलिइक्विव्हॅलंट (पोटॅशियम मोजण्याचं एकक) पोटॅशियम, आणि आकाराने शेजारच्या खोक्यातल्या स्टेराइल वॉटरसारखाच. अँटिबायोटिकची पावडर विरघळवायला चुकून हा फोडला आणि ते इंजेक्शन शिरेतून दिलं की हृदय थांबतं. त्यानंतर कोणाच्या हातात फारसं काही उरत नाही.

म्हणून साध्या वॉर्डाच्या स्टॉकमधून तो काढा. आयसीयूत वेगळ्या, कुलूपबंद, लाल पट्टीच्या डब्यात ठेवा. फार्मसीतून देतानाच ‘पातळ करूनच’ असं लेबल लावा.

देण्याची पद्धतही चुकते. ५०० मिलिच्या बाटलीत एक अँप्युल म्हणजे लिटरला ४० मिलिइक्विव्हॅलंट. हातावरच्या शिरेतून साधारण याहून गाढ द्रावण देत नाहीत. वेग तासाला १० च्या आत, म्हणजे ती बाटली किमान दोन तास चालली पाहिजे. तासाला २० द्यायचं असेल तर सेंट्रल लाइन आणि हृदयाचा मॉनिटर हवा. सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे टांगलेल्या बाटलीत पोटॅशियम सोडणं. ते जड असल्याने तळाशी, नेमकं नळीच्या तोंडाशी बसतं आणि पहिल्या काही मिनिटांत पेशंटला जवळपास निव्वळ पोटॅशियम जातं. क्लॅम्प बंद करा, बाटली खाली काढा, औषध टाका, दहा वेळा उलटसुलट करा, मग टांगा.

हाय-अलर्ट औषधांच्या यादीत आणखी काय हवं?

हाय-अलर्ट म्हणजे चूक झाली तर जिवावर बेतणारी औषधं. यादी छोटी ठेवा. चाळीस औषधांची यादी भिंतीवर शोभते, पाळली जात नाही. इन्सुलिन आणि पोटॅशियमनंतर हेपॅरिन, मॅग्नेशियम सल्फेट, ओपिऑइड वेदनाशामकं, स्नायू शिथिल करणारी औषधं, ॲड्रिनलिन-नॉरॲड्रिनलिन आणि केमोथेरपी, एवढी पुरे.

हेपॅरिनची ५ मिलिची व्हायल दोन ताकदींत मिळते: मिलिला १००० युनिट आणि मिलिला ५०००. एकीत एकूण ५,०००, दुसरीत २५,०००. म्हणून ‘हेपॅरिन १ सीसी’ ही ऑर्डरच नव्हे. डोस युनिटमध्ये लिहा.

मॅग्नेशियम सल्फेट (गरोदर बाईचे झटके थांबवायचं औषध) प्रसूती विभागात रोजचं आहे, आणि झटके येत असताना हिशेब कोणालाच सुचत नाही. ५० टक्क्यांच्या २ मिलि अँप्युलमध्ये १ ग्रॅम असतं. प्रिचर्ड पद्धतीत सुरुवातीला शिरेतून ४ ग्रॅम: चार अँप्युल म्हणजे ८ मिलि, त्यात १२ मिलि सलाईन, एकूण २० मिलि, किमान पाच मिनिटं घेऊन सावकाश. मग प्रत्येक कुल्ल्यात खोल ५ ग्रॅम, म्हणजे १० मिलि, न पातळ करता. एकूण चौदा अँप्युल. ते चौदा अँप्युल, सिरिंज, सलाईन आणि उतारा म्हणून १० टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट १० मिलि एका सीलबंद डब्यात तयार ठेवा आणि झाकणावर हा हिशेब चिकटवा. पुढच्या डोसआधी तीन गोष्टी तपासून लिहा: गुडघ्यावर हलकं ठोकल्यावर पाय उडतो का, श्वास मिनिटाला १६ किंवा जास्त आहे का, लघवी तासाला ३० मिलिपेक्षा कमी तर नाही ना.

ॲड्रिनलिन ‘एकास हजार’ असं नका बोलू, मिलिग्रॅम बोला. १ मिलिचा अँप्युल म्हणजे १ मिलिग्रॅम. ॲनाफिलॅक्सिसमध्ये (जीवघेण्या ॲलर्जीत) मोठ्या माणसाला अर्धा मिलिग्रॅम, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. नाडी लागत असलेल्या पेशंटला अख्खा अँप्युल शिरेतून देणं ही नेहमीची घोडचूक आहे.

व्हिन्क्रिस्टीन या केमोथेरपीच्या औषधाबद्दल फक्त एवढंच: ते सिरिंजमध्ये भरूच नका, छोट्या सलाईन बॅगमध्ये तयार करा, म्हणजे ते चुकून मणक्यात दिलं जाणं जवळपास अशक्य होतं. मणक्यात गेलं तर पेशंट बहुधा वाचत नाही.

सारख्या नावांचा आणि सारख्या दिसणाऱ्या औषधांचा बंदोबस्त कसा करायचा?

डोपामिन-डोब्युटामिन, कार्बामाझेपिन-कार्बिमाझोल, हायड्रॉक्सिझिन-हायड्रॅलाझिन, सेफोटॅक्झिम-सेफ्टाझिडिम ही नेहमीची जोडपी. कपाटात त्यांना शेजारी ठेवू नका, भले मग वर्णानुक्रम मोडो. लेबलवर नावाचा वेगळा पडणारा तुकडाच मोठ्या, ठळक अक्षरांत छापा. चार्टवर औषधाशेजारी आजार लिहिला तर फार्मसिस्टला लगेच खटकतं: थायरॉइडच्या पेशंटला फिट्सची गोळी कशाला?

खरेदी विभागाला एक गोष्ट सांगायलाच हवी. स्वस्त मिळाला म्हणून पुरवठादार बदलला की अँप्युलचा रंग बदलतो, आणि सिस्टरचा हात रंगावर जातो. नवा माल वॉर्डात जाण्याआधी कपाटातल्या इतर अँप्युलांशेजारी ठेवून पाहा.

याच घरातली एक जोडी म्हणजे अँफोटेरिसिन या बुरशीवरच्या औषधाचे दोन प्रकार, साधं आणि लायपोसोमल (चरबीच्या सूक्ष्म थेंबांत बांधलेलं). २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसच्या लाटेत महाराष्ट्रात लायपोसोमलचा तुटवडा पडला आणि दोन्ही प्रकार एकाच वॉर्डात आले. व्हायल दोन्हींची ५० मिलिग्रॅम. लायपोसोमलचा डोस किलोला ५ मिलिग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ३०० मिलिग्रॅम, सहा व्हायल. साध्याचा किलोला १ मिलिग्रॅम, आणि कमाल मर्यादा दिवसाला किलोमागे १.५ मिलिग्रॅम. साध्याच्या एका डोससाठी दोनपेक्षा जास्त व्हायल फोडाव्या लागत असतील तर हात थांबवा आणि फोन करा. दोन्ही ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्येच; सलाईनमध्ये नाही.

फेनिटॉइन या फिट्सच्या औषधाचं नेमकं उलट: ते सलाईनमध्येच, डेक्स्ट्रोजमध्ये त्याचा साका बसतो. वेग मिनिटाला ५० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. सेफ्ट्रायाक्झोन आणि रिंगर लॅक्टेट एका नळीतून एकत्र नको, कारण रिंगर लॅक्टेटमध्ये कॅल्शियम असतं. २८ दिवसांच्या आतल्या बाळाला तर कॅल्शियमचं सलाईन चालू असताना सेफ्ट्रायाक्झोन देऊच नये.

लहान मुलांच्या डोसमध्ये काय चुकतं?

वजन. आईने सांगितलेलं किंवा नजरेने ठरवलेलं वजन चार्टवर जातं. काट्यावर मोजा, किलोत लिहा, ट्रीटमेंट शीटच्या माथ्यावर लिहा.

दुसरं म्हणजे मिलिग्रॅम आणि मिलिची गल्लत. १२ किलोच्या मुलाला पॅरासिटामॉल किलोला १५ मिलिग्रॅमने १८० मिलिग्रॅम. ड्रॉप्स मिलिला १०० मिलिग्रॅम असतील तर १.८ मिलि. १२५ चं सिरप (५ मिलिला १२५ मिलिग्रॅम) असेल तर ७.२ मिलि, २५० चं असेल तर ३.६. १२५ च्या सिरपचा आकडा लक्षात ठेवून ड्रॉप्स पाजले की चौपट डोस. शिरेतून द्यायच्या १०० मिलि बाटलीत १००० मिलिग्रॅम असतात, म्हणजे याच मुलाला १८ मिलि. ‘१८०’ हा आकडा मिलि म्हणून वाचला गेला तर दहापट. मुलांच्या वॉर्डात अख्खी बाटली टांगू नका. हवं तेवढं सिरिंजमध्ये किंवा ब्युरेटमध्ये (मापाच्या नळीत) काढा, उरलेली टाका. ऑर्डर नेहमी अशी: किलोला किती, एकूण किती मिलिग्रॅम, त्या बाटलीतून किती मिलि. तिन्ही आकडे असले की चूक दिसते.

क्रिएटिनिन १.२ आहे, मग किडनीचा डोस कशाला बदलायचा?

७५ वर्षांच्या, ४५ किलोच्या आजी घ्या. कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट या सूत्राने (वय, वजन आणि क्रिएटिनिनवरून किडनीची रक्त गाळण्याची क्षमता काढायचं): १४० वजा ७५, गुणिले ४५, भागिले ७२ गुणिले १.२, आणि स्त्री म्हणून गुणिले ०.८५. उत्तर मिनिटाला सुमारे २९ मिलि. रिपोर्टवर लाल खूण नसते, पण किडनी तिशीच्या खाली आहे. एनॉक्सापॅरिनचा (हेही रक्त गोठू न देणारं औषध) उपचाराचा डोस किलोला १ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा असतो, तो इथे एकदाच द्यायचा. अमिकासिन, व्हँकोमायसिन, डिगॉक्सिन, मेटफॉर्मिन यांचाही फेरविचार करायचा. फार्मसिस्टला लॅब रिपोर्ट दिसायची सोय करा. अर्ध्या चुका तो तिथेच धरतो.

रात्री फोनवर ऑर्डर घ्यावी का?

टाळता येत नाही हे मान्य. मग घेण्याची रीत ठरवा. ऐकणाऱ्याने आधी लिहायचं, मग लिहिलेलं वाचून दाखवायचं, आणि आकडा सुटा बोलायचा: ‘पंधरा, एक-पाच’. पंधरा-पन्नास आणि सात-साठ फोनवर सारखेच ऐकू येतात. पेशंटचं पूर्ण नाव आणि आयपीडी (भरतीचा) नंबर सांगायचा, ‘सहा नंबर बेड’ नाही. डॉक्टरांनी २४ तासांत सही करायची. केमोथेरपी फोनवर कधीच नाही. व्हॉट्सॲपवरचा मजकूर ऐकण्यापेक्षा बरा, पण तो सिस्टरच्या खासगी फोनमध्ये राहतो. शीटवर चढल्याशिवाय ती ऑर्डर नाही.

पेशंटची ओळख पटवण्यात काय अवघड आहे?

वॉर्डात दोन पाटील असले की कळतं. ‘तुम्ही पाटील ना?’ असं विचारलं तर ताप चढलेला माणूस कशालाही ‘हो’ म्हणतो. ‘पूर्ण नाव सांगा’ म्हणा आणि मनगटाच्या पट्टीवरचा नंबर चार्टशी जुळवा.

डबल चेक करतो, तरी चुका होतात. का?

कारण तो डबल चेक नसतो, दुसरी सही असते. ‘सहा मिलि भरलंय, बघ गं’ म्हटलं की दुसरीला सहाच दिसतात. दुसऱ्या व्यक्तीने चार्ट घेऊन स्वतः हिशेब करायचा आणि आपला आकडा आधी सांगायचा. हे प्रत्येक गोळीला करू नका, वेळ पुरणार नाही आणि त्याचा सोपस्कार होईल. वरच्या छोट्या यादीपुरतंच करा.

घरून आणलेल्या औषधांचं काय करायचं?

ॲडमिशनच्या वेळी पिशवी टेबलावर रिकामी करा. ‘काय घेता?’ याचं उत्तर ‘बीपीची पांढरी गोळी’ एवढंच येतं. प्रत्येक औषधापुढे चालू, बंद किंवा बदल, आणि कारण. काढे, भस्मं, चूर्णं मुद्दाम विचारा, लोक त्यांना औषधात धरत नाहीत. ज्येष्ठमध रोज बऱ्याच प्रमाणात घेणाऱ्याचं पोटॅशियम उतरू शकतं, त्यात लघवीची गोळी चालू असेल तर आणखी.

डिस्चार्जला हीच यादी पुन्हा काढा. एरवी घरची बीपीची अमलोडिपिन आणि आपण वेगळ्या ब्रँडने दिलेली अमलोडिपिन दोन्ही चालू राहतात. संधिवातासाठीची मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच असते. डिस्चार्ज कार्डवर रोजची म्हणून गेली तर रक्तपेशी कोसळतात आणि पेशंट दगावतो. ‘फक्त सोमवारी’ असा वार लिहा, चार आठवड्यांना पुरतील एवढ्याच गोळ्या द्या, आणि नातेवाइकाकडून वार वदवून घ्या.

अँटिबायोटिकच्या ऑर्डरमध्ये वेगळं काय लिहायचं?

कशासाठी आणि कधी फेरविचार. सुरू केल्यावर ४८ ते ७२ तासांनी कल्चर (जंतूंच्या तपासणीचा रिपोर्ट) पाहून चालू ठेवायचं, बदलायचं की थांबवायचं, हे शीटवर उमटलं पाहिजे. ऑपरेशनआधीचा डोस बहुतेक अँटिबायोटिक्ससाठी छेद घेण्याआधीच्या तासाभरात. पुढे पाच दिवस ओढण्याची सवय बहुतेक ऑपरेशनांत निरर्थक आहे. शेड्यूल एच-१ या कडक नियंत्रणाच्या सरकारी यादीतल्या औषधांची वेगळी नोंदवही मार्च २०१४ पासून बंधनकारक आहे आणि ती तीन वर्षं जपायची असते.

संगणकावर ऑर्डर आल्या की चुका थांबतील?

अक्षराच्या थांबतील, नव्या येतील. यादीत एक ओळ खाली क्लिक होतं, कालची ऑर्डर कॉपी होते, आणि प्रत्येक क्लिकला धोक्याची चौकट आली की डॉक्टर न वाचता बंद करतात. सूचना मोजक्याच ठेवा: ॲलर्जी, कमाल डोस, किडनी, गरोदरपण.

क्यूआर कोडचा उपयोग करून घ्या. ऑगस्ट २०२३ पासून शेड्यूल एच-२ या सरकारी यादीतल्या ३०० ब्रँडच्या वेष्टनावर तो आहे, त्यात बॅच आणि मुदतही असते. मात्र स्ट्रिप कापून दोन गोळ्या वॉर्डात पाठवल्या की नाव एका तुकड्यावर आणि मुदत दुसऱ्या तुकड्यावर. कापायचीच असेल तर छोट्या पाकिटात घालून लेबल लावा.

चूक झालीच, तर पहिल्यांदा काय?

पेशंट. औषध थांबवा, नळी बदला, नाडी-बीपी-साखर पाहा, डॉक्टरांना बोलवा. रिकामा अँप्युल आणि सिरिंज टाकू नका. काय दिलं, किती, कधी हे केस पेपरवर जसंच्या तसं लिहा. खाडाखोड पुढे फार महाग पडते. नातेवाइकांना वरिष्ठ डॉक्टरांनी स्वतः सांगावं, त्याच दिवशी.

नोंदीच्या फॉर्ममध्ये सिस्टरच्या नावाची जागा पहिली असेल तर फॉर्म येणार नाहीत. काय घडलं, अँप्युल कुठे ठेवला होता, पाळीत किती पेशंट होते, हे आधी विचारा. दंड कापणाऱ्या रुग्णालयात चुका शून्य दिसतात, कारण कोणी सांगत नाही. औषधाची दुष्प्रतिक्रिया गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाकडे कळवता येते. त्यांची हेल्पलाइन १८००-१८०-३०२४ आहे, आणि पेशंटही तिथे कळवू शकतात.

प्रिस्क्रिप्शन ऑडिट छोट्या रुग्णालयाला झेपतं का?

महिन्याला तीस केस पेपर, एक फार्मसिस्ट, एक दुपार. जागतिक आरोग्य संघटनेची १९९३ ची मोजमापं आजही चालतात: दर पेशंटमागे सरासरी औषधं, जेनेरिक नावांचं प्रमाण, अँटिबायोटिक आणि इंजेक्शनचं प्रमाण, आवश्यक यादीतल्या औषधांचं प्रमाण. भरती पेशंटसाठी त्यात ॲलर्जीची नोंद, वजन आणि थांबवण्याची तारीख जोडा. बैठकीत डॉक्टरांची नावं नकोत. प्रत्येकाला त्याचा कागद बंद पाकिटात द्या. पहिल्या महिन्यात ॲलर्जीचा रकाना बहुतेक कागदांवर कोरा सापडेल. तिथूनच सुरुवात करा: कोरा असेल तर फार्मसी पहिला डोस देणार नाही, आणि ॲलर्जी नसेल तर ‘नाही’ असं लिहावं लागेल.

नातेवाईक म्हणून आम्ही काय विचारू शकतो?

इंजेक्शनआधी ‘हे कोणतं औषध, कशासाठी?’ एवढं विचारा. सिस्टरला राग येऊ नये. उत्तर देताना तीही लेबल पुन्हा एकदा वाचते. ‘ही गोळी रोजच्यासारखी दिसत नाही’ असं वाटलं तर गिळण्याआधी सांगा. आणि औषध भरत असताना तिला डिस्चार्जच्या बिलाबद्दल हाक मारू नका, पाच मिनिटं थांबा.